हल्या, ढेकळ्या आणि बाकीचे एकशे अठ्ठेचाळीस

रविवारी सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी आमगावात मोनाली रामटेके अशी किंचाळली की तिची आई निर्मलाबाई चहाची गाळणी हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आली.

"का झालं वं? साप निघाला का?"

"नाई वं आई. हल्या दिसला! सारे दिसले!"

निर्मलाबाईने कपाळाला हात लावला. पोरगी तेवीस वर्षांची, सरकारी दवाखान्यात नर्स, कडेवरच्या पोरांना सुई टोचून वर त्यांच्या आयांना रागावणारी. आणि घरी हे असं. पण त्या माउलीलाही बोलायला तोंड नव्हतं, कारण हे खूळ घरात आणलं होतं तिनेच.

अकरा वर्षांपूर्वी, दोन हजार एक साली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळं घर नागपूरला दीक्षाभूमीवर गेलं होतं. तिथल्या गर्दीत जपानहून आलेली एक तरुण बाई उन्हाने घेरी येऊन खाली बसली. निर्मलाबाईने तिला आपल्या ताडपत्रीखाली ओढलं, पाणी पाजलं, चिवडा खाऊ घातला, पदराने वारा घातला. एकीला मराठीशिवाय येत नव्हतं, दुसरीला जपानीशिवाय, पण दोघी तासभर बोलल्या म्हणे. निघताना त्या बाईने पिशवीतून एक राखाडी डबी काढली आणि बारा वर्षांच्या मोनालीच्या हातावर ठेवली. विटेएवढी डबी, तिला एक हिरवट काच, चार बटणं, एक लाल दिवा आणि पाठीत खुपसलेली खेळाची चकती.

आता हा खेळ काय होता, ते ज्याने खेळलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही त्याच्या नशिबाला मी काय करू! एक बोटभर पोरगा असतो. तो गावोगाव हिंडतो, उंच गवतात शिरतो, आणि गवतातून एकदम एखादं जनावर पुढे उभं राहतं. त्याच्याशी आपलं जनावर लढवायचं, त्याला दमवायचं, पकडायचं, पाळायचं, वाढवायचं. अशी एकूण दीडशे. गवतात पाऊल टाकलं की छातीत जे धडधडतं, ते मोनालीला पुढे बारावीच्या निकालालाही धडधडलं नाही.

पण सगळी अक्षरं जपानी! आमगावात जपानी वाचणार कोण? मोनाली आणि तिचा धाकटा भाऊ संघदीप यांना त्यातलं काही कळायचं तर फक्त आकडे. खेळ जपून ठेवायची ओळ कोणती हेच ठाऊक नसल्यामुळे ही दोन शहाणी पहिला महिनाभर रोज सकाळी नव्याने खेळ सुरू करायची, संध्याकाळपर्यंत तिसऱ्या गावाला पोचायची, डबी बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या घरात. त्यांना वाटायचं, खेळच असा आहे. रोज उठायचं आणि रोज पहिल्यापासून. एकतिसाव्या दिवशी मोनालीचं बोट चुकून चौथ्या ओळीवर पडलं, आणि दुसऱ्या दिवशी जनावरं जिथल्या तिथे होती. त्या दिवशी दोघं घरभर नाचली.

नावं वाचता येत नव्हती, म्हणून यांनीच सगळ्यांचं बारसं केलं. एका वहीत चित्र काढायचं आणि खाली नाव लिहायचं. चष्म्यासारखे डोळे असलेला तो मास्तर. सारखा झोपणारा तो तलाठी. मातीच्या गोळ्याला दोन डोळे फुटलेला तो ढेकळ्या. आणि अगदी पहिल्या दिवशी मिळालेला, शिंगांचे नुसते कोंब असलेला, नाकातून वाफ सोडणारा तो हल्या, म्हणजे रेडा. काच हिरवट, त्यामुळे रंग कुणालाच ठाऊक नाही. संघदीप म्हणायचा हल्या काळा, मोनाली म्हणायची निळा. यावरून दोघांत एकदा मारामारी झाली आणि आईने दोघांनाही सारखंच बडवलं.

अकरा वर्षांत एकशे एकोणपन्नास जमले. दीडशेवा काही केल्या मिळेना. शेवटी पुण्यात शिकणाऱ्या संघदीपने इंटरनेटवर शोधून फोन केला, "ताई, आपला ढेकळ्याच रूप पालटते! पण वायर लावून दुसऱ्या डबीत धाडला तरच. तिथं तो मोठा होते, मंग तो परत घ्याचा." दुसरी डबी आणायची कुठून? आमगावात नाही, गोंदियात चार दुकानं पालथी घातली तरी नाही.

आणि त्यातच डबी विसरायला लागली. चालू करावी तर जनावरं गायब. पुन्हा बंद, पुन्हा चालू, तरी गायब. सातव्या-आठव्या खेपेला दिसायची. रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणाऱ्या टिकारामने खेळाची चकती उघडून पाहिली आणि डॉक्टरासारखी मान हलवली. "आतमंदी एक बटन सेल हाये, त्याच्याच भरोशावर इले सारं आठवते. तो मरून राहिला. बदला म्हटलं तं बदलून देतो, पण काढल्याबरोबर सारं पुसून जाईल. डबी चालू हाये तवरक मात्र काई होत नाई."

मोनालीला त्या रात्री जेवण गेलं नाही. हसायचं त्याने हसावं. अकरा वर्षं ज्यांना वाढवलं ते एका मुगाएवढ्या सेलसाठी मरणार, हे तिला सहन होईना. तिने एवढंच ठरवलं, की ते मिटण्याआधी दीडशे पुरे करायचे. एकदा तरी तो आकडा डोळ्यांनी पाहायचा.

मग एकदम दार उघडलं! गोंदियाच्या प्रशिक्षणात केशोरीकडची नर्स अल्का भेटली. मोनालीच्या हातातली डबी पाहून ती म्हणाली, "अवं, आमच्या इकडचा एक वनरक्षक हाये, दुर्गेश मडावी. तो बी असाच डबा घेऊन बसते. गोठणगावच्या तिबेटी कॅम्पातल्या दोस्तानं देल्ला म्हणे त्याले." मोनालीने तिथूनच फोन लावला. पलीकडून आवाज आला, "हो जी, हाये ना. वायर बी हाये. या रविवारी."

म्हणून त्या रविवारी ती पहाटे उठली, चार नवे पेन्सिल सेल घातले आणि डबी चालू-बंद, चालू-बंद करत बसली. अकराव्या खेपेला हल्या दिसला आणि ती किंचाळली. आता केशोरी येईपर्यंत डबी बंद करायची नाही. जपानी डबीला लागणारा चार्जर आमगावात कुठला मिळायला, तेव्हा जे काय व्हायचं ते या चार सेलांच्या जोरावर. सेल बदलायचे म्हटले तरी डबी बंद पडणार, आणि बंद पडली की पुन्हा आठवेलच याची हमी नाही.

"चालली मी!" म्हणत ती निघाली. आईने मागून डब्यात पोहे कोंबले.

आमगावहून गोंदिया, गोंदियाहून बल्लारशाची पॅसेंजर. डबी ओढणीत गुंडाळून, पोटाशी धरून, दर दहा मिनिटांनी ती ओढणीत डोकावत होती. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं लेकरू आहे. त्याने हळूच विचारलं, "किती मयन्याचं हाये?" मोनाली म्हणाली, "अकरा वर्षांचं," आणि म्हाताऱ्याने जागा बदलली. लाल दिवा मात्र मस्त पेटलेला होता. अर्जुनीला उतरली तेव्हा तिला वाटलं, जिंकलो आपण.

अर्जुनीहून केशोरीची एसटी धरली. अर्ध्या वाटेत जंगलात नाका लागला. नक्षलवाद्यांमुळे त्या बाजूला हे नेहमीचंच. पोलीस गाडीत चढतात, पिशव्या पाहतात आणि उतरतात. पण आज एक पोरगी ओढणीखाली काहीतरी लपवून बसलेली, त्यातून लाल दिवा चमकतोय आणि पिप् पिप् आवाज येतोय. चढलेले हवालदार दोन पावलं मागेच सरकले.

"काय आहे ते? बंद करा आधी!"

आणि मोनालीच्या तोंडून जे निघू नये तेच निघालं. "नका जी साहेब! बंद केलं तं सारे मरतील!"

"कोण मरतील?"

"एकशे एकोणपन्नास."

एसटी अर्ध्या मिनिटात रिकामी झाली. कंडक्टर तर खिडकीतून उतरला. मोनालीला रस्त्याच्या कडेला उभं केलं, डबी एका दगडावर ठेवायला लावली, आणि बिसराम नावाचे ते हवालदार लांबूनच विचारू लागले. मोनाली रडकुंडीला आली होती, पण रडली नाही. तिने पिशवीतून वही काढली, एकेक पान उलटत मास्तर दाखवला, तलाठी दाखवला, टिकारामचं निदान सांगितलं, नर्सचं ओळखपत्र दाखवलं. बिसराम हळूहळू पुढे आले. वाकून त्यांनी काचेत पाहिलं.

"हा बारका पोरगा तुमच्या हुकुमानं चालते?"

"हो जी. दाबून पाहा. फक्त हे लाल दिव्याजवळचं नका दाबू."

बिसरामांनी एका बोटाने बटण दाबलं. पोरगा चालला. गवतात शिरला. आणि टिर्रर्र करत समोर एक पंखवाला किडा उभा राहिला! बिसराम दचकून मागे झाले, मग असे काही पुढे वाकले की टोपी पडली.

"आता काय करू? काय करू आता?"

"हल्याले सोडा! वरचं बटन!"

तोवर उतरलेली सगळी एसटी गोल करून उभी राहिली होती. ज्यांना दोन मिनिटांपूर्वी जीव प्यारा होता तेच आता एकमेकांच्या खांद्यावरून वाकून ओरडत होते, "मारा साहेब! मारा! आता पकडा!" तिसऱ्या झटक्याला किडा पकडला गेला आणि जंगलात टाळ्या वाजल्या. बिसरामांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पगारवाढीनेही येत नाही. "आणखी एक पाहतो," म्हणत ते पुन्हा गवतात शिरले. नाही म्हणायची मोनालीची छाती होईना. पाऊण तास गेला. अखेर कंडक्टरनेच हात जोडले, तेव्हा साहेबांनी डबी परत दिली.

एसटीत बसल्यावर मोनालीने दिवा पाहिला. तो आता तेवढा लाल नव्हता.

केशोरीच्या स्टँडवर दुर्गेश मोटारसायकल घेऊन उभाच होता. तिशीच्या आतला, खाकी पॅन्ट, पायात रबरी चपला. ओळखपाळख झाली नाही की रामराम झाला नाही. मोनाली म्हणाली, "दिवा उतरून राहिला," आणि त्याने किक मारली. चार मिनिटांत दोघं त्याच्या अंगणात बाजेवर बसली होती. दुर्गेशची आई जमुनाबाई पाण्याचा गडवा घेऊन आली, तर पाणी घ्यायलाही कुणाला हात रिकामा नव्हता.

दुर्गेशने आपली डबी काढली. अगदी तशीच! राखाडी, हिरवट काच, अक्षरं जपानीच. अकरा वर्षांत मोनालीने दुसरी डबी पाहिलीच नव्हती. तिला वाटायचं, जगात हे वेड आपल्या दोघा भावंडांनाच आहे.

"हा चष्मेवाला, याले तुम्ही का म्हणता?" त्याने वायर खोचताखोचता विचारलं.

"मास्तर. तुम्ही?"

"रेंजर साहेब."

दोघंही खदाखदा हसली. मोनालीने तलाठी दाखवला, तर त्याच्याकडे त्याचं नाव जावई. जमुनाबाई म्हणाली, "येडे होत दोघं बी," आणि तीही वाकून पाहू लागली.

वायर जोडली. दोन्ही काचांवर दोन बोटभर पोरं एका टेबलाशी समोरासमोर बसली. दोघांपैकी कुणीच हे आधी कधी पाहिलं नव्हतं. दुर्गेशकडे वायर होती, पण समोर लावायला माणूस नव्हता. अंदाजाने बटणं दाबत त्यांनी वाट काढली. देवाणघेवाण होती ती. एक द्यायचा, एक घ्यायचा. मोनालीने ढेकळ्या निवडला, दुर्गेशने एक फालतू उंदीर. दोघांनी एकदम बटण दाबलं. वायरीतून एक ठिपका सरकत गेला.

दुर्गेशच्या काचेवर ढेकळ्या थरथरायला लागला. फुगला. पुन्हा लहान झाला. पुन्हा फुगला, काच पांढरी झाली, आणि मग जे उभं राहिलं ते काचेत मावेना. पाठीवर झाडं, खांद्यावर खडक, आणि ढेकळ्याचेच ते दोन बावळट डोळे.

"माय वो!" दुर्गेश बाजेवर उभाच राहिला. "पहाड होय हा तं! पहाड!"

"पहाड्या!" मोनाली ओरडली. त्याचं बारसं तिथेच झालं.

"धाडतो परत. उंदीर वापस द्या माझा," म्हणत दुर्गेश खाली बसला. मोनालीने आपल्या डबीकडे पाहिलं. दिवा विझत आलेल्या कोळशासारखा. काच फिकी पडत चाललेली. फार तर एक देवाणघेवाण होईल. पहाड्या येईल, दीडशे होतील, आणि मग दिवा जाईल. आणि दिवा गेला की पहाड्या, मास्तर, तलाठी, सारेच जातील. निघताना तिने फक्त दीडशेपर्यंतचा विचार केला होता. त्यापुढचा नाही.

तिचं बोट उंदरावर होतं. आपल्याकडे शेजारणीची वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. साखर घालून जाते, नाहीतर चिमूटभर पोहे तरी. याची वाटी परत करायची आणि आत घालायला आपल्या घरात काय उरलंय? वायरीतून एकच तर जाणार. एकच वाचणार.

"ताई, दिवा! लवकर करा!"

तिने बोट वर सरकवलं. अगदी वर, पहिल्या ओळीवर. अठ्ठ्याण्णव आकड्यापर्यंत वाढवलेला, जाडजूड शिंगांचा, नाकातून वाफ सोडणारा हल्या. तिने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

ठिपका गेला. ठिपका आला. पहाड्या तिच्या फिक्या काचेत येऊन उभा राहिला. तिने यादीचं पान उघडलं; एकदा हाती आलेला त्या यादीतून जात नाही, मग तो पुढे कुणालाही द्या. जपानी अक्षरांच्या त्या जंगलात एक आकडा होता, सबंध खेळात तिला वाचता येणारी एकच गोष्ट. १५०.

"झाले!" ती ओरडली. "झाले वो झाले! दीडशे!" तिने डबी दुर्गेशला दाखवली, जमुनाबाईला दाखवली. जमुनाबाईला आकडा कळला नाही, पण तिनेही टाळ्या वाजवल्या. मोनाली हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तेवढ्यात दिवा गेला.

दुर्गेशने धावत नवे सेल आणले. चालू केली. कोरी. बंद, चालू, कोरी. वीस वेळा केली. मग मोनालीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "राहू द्या जी आता."

तिला वाईट वाटत होतं, आणि तरी छातीत आनंद मावत नव्हता, आणि ही दोन्ही एका वेळी असू शकतात हे तिला तोवर माहीतच नव्हतं. दुर्गेशने आपली डबी पाहिली आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"उंदीर कुठी गेला? हा कोन?"

"तो माझा पयला होय. हल्या."

"काऊन देल्ला ताई? तुमचा पयला?"

"देल्ला नाई. जगवला." ती म्हणाली. "लढवून तं पाहा. लय जोरदार हाये."

दुर्गेशने गवतात शिरून हल्याला पुढे केला. समोर एक चिमुरडं पाखरू होतं, एका फुंकरीने उडेल असं. त्याने बटण दाबलं. हल्याने पाठ फिरवली. पुन्हा दाबलं. हल्या मटकन बसला आणि झोपी गेला.

"ऐकत नाई हा!" दुर्गेश चिडला. "तुमचा हल्या माझं ऐकत नाई!"

हे मोनालीलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या हातात गेलेलं मोठं जनावर नव्या मालकाचा हुकूम मानत नाही, हा या खेळाचा कायदाच आहे; पण तिने आजवर कुणाला दिलंच नव्हतं तर कळणार कसं? ती अशी हसली की बाज कुरकुरली. अकरा वर्षं ज्याने तिचं एकही बटण वाया जाऊ दिलं नाही, तो एवढा अडेलतट्टू होता तर!

"इकडं द्या," म्हणत तिने डबी हातात घेतली. तेच बटण. तसंच.

डबीला बोटं ओळखू येत नाहीत, हे मलाही कळतं. कधी ऐकायचं आणि कधी नाही, हे त्या चकतीत लिहून ठेवलेलं असतं आणि बाकी सगळा योगायोग असतो. ज्याला हे समजावून सांगायची हौस असेल त्याने केशोरीला जाऊन दुर्गेशला सांगावं. हल्या उठला, नाकातून वाफ सोडली, आणि पाखराला त्याने असा हाणला की जमुनाबाईच्या हातातला गडवा खाली पडला.